क्यूजीआयएस: गावनिहाय नकाशे स्क्रिप्टने काढताना लेआउट बिघडतोय, ॲटलास वापरू की पायथन?

माणगंगाकाठ (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सातारा जिल्ह्यात माण आणि खटाव तालुक्यात पाणलोटाचं काम करणाऱ्या एका छोट्या संस्थेत मी नकाशांचं बघते. आमच्याकडे गावांच्या हद्दी, ओढे, उतार, पीक आणि आतापर्यंत झालेली कामं (सीसीटी म्हणजे सलग समतल चर, माती नाला बांध, सिमेंट बांध, शेततळी) असे सगळे लेअर (नकाशाचे थर) क्यूजीआयएस या मुक्त नकाशा सॉफ्टवेअरच्या एका प्रोजेक्टमध्ये नीट लावलेले आहेत आणि ए३ कागदाचा एक लेआउटही मनासारखा बसलाय, उत्तर दिशा, स्केलबार, चिन्हांच्या सूचीची जागा, संस्थेचा लोगो, सगळं.

आता अडचण अशी की प्रत्येक गावाचे तीन नकाशे लागतात. एक उतार आणि ओढ्यांचा, एक पिकांचा आणि एक कामांचा. तिन्हींचे मॅप थीम (कोणते लेअर कसे दिसावेत याचे जपून ठेवलेले संच) करून ठेवलेत. हाताने एकेक गाव झूम करून थीम बदलून पीडीएफ काढायचं म्हणजे ग्रामसभेच्या आधी रात्र रात्र जाते आणि मध्येच कुणीतरी सांगतं की अमुक बांधाची जागा चुकलीय, की परत सगळे काढा.

म्हणून पायथन कन्सोलमध्ये स्क्रिप्ट लिहायला घेतली. लेआउट मॅनेजरमधून लेआउट नावाने उचलते, त्यातला मॅप आयटम आयडीने घेते, गावाच्या हद्दीचा बाउंडिंग बॉक्स (हद्द मावेल असा चौकोन) त्याला सेटएक्स्टेंट करून देते आणि एक्स्पोर्टरने पीडीएफ काढते. पीडीएफ निघते पण मॅपची चौकटच लांबोडकी होते, खालच्या सूचीवर चढते, आणि लांबट गाव असलं तर कागदाच्या बाहेर जाते. शिवाय सूची आधीच्याच थीमच्या मापाची राहते. आणि काही गावं आडवी आहेत काही उभी, तर कागद पण तसाच उभा आडवा झाला तर फार बरं होईल.

हे ॲटलासने (एका लेआउटमधून गावागणिक पान काढणारी क्यूजीआयएसचीच सोय) होतं का? ॲटलासमध्ये एका गावाला एकच पान येतं असं दिसतंय, मला तीन हवीत. की स्क्रिप्टच नीट करू? दोन्हीतलं काय टिकेल ते सांगा, कारण पुढे हे काम माझ्याशिवाय दुसऱ्या कुणालाही चालवता आलं पाहिजे.

पुणेरी_पॉलिगॉन

आधी तुमच्या स्क्रिप्टचं सांगतो कारण ते एका ओळीत सुटतं. सेटएक्स्टेंट ही मेथड तुम्ही दिलेल्या बॉक्सच्या लांबीरुंदीच्या प्रमाणात मॅप आयटमचा आकारच बदलते, म्हणून चौकट लांबोडकी होते. तुम्हाला झूमटूएक्स्टेंट हवंय. ते चौकटीला हात लावत नाही, बॉक्स पूर्ण मावेल इतका एक्स्टेंट (चौकटीत दिसणारा भाग) स्वतः वाढवून घेतं. एवढा एक शब्द बदला, चौकट जागेवर राहील. बॉक्स देण्याआधी थोडा वाढवून द्या म्हणजे हद्दीची रेघ कडेला चिकटणार नाही.

सूचीचं असं आहे की तिचं माप ती रंगवली जाताना ठरतं, त्यामुळे स्क्रिप्टमधून मजकूर बदलला तरी पहिल्या एक्स्पोर्टला जुनंच माप मिळू शकतं. थीम बदलल्यावर लेआउट रिफ्रेश करा आणि सूचीवर ॲडजस्टबॉक्ससाइझ चालवा, मग एक्स्पोर्ट. आणि मॅप आयटमला 'फॉलो मॅप थीम' चालू करून थीमचं नाव स्क्रिप्टमधून द्या, मुख्य कॅनव्हासवर थीम लावत बसू नका, म्हणजे बाजूला तुम्ही प्रोजेक्टमध्ये काही बघत असलात तरी नकाशांवर परिणाम होत नाही.

अजून एक, एक्स्पोर्टर काय उत्तर देतो ते तपासा. यशस्वी झालं तर शून्य येतं. विंडोजवर तीच पीडीएफ कुणी उघडून ठेवली असेल तर फाइल लिहिली जात नाही आणि स्क्रिप्ट एरर न देता पुढच्या गावाला जाते, मग ग्रामसभेत जुना नकाशा जातो. शून्य सोडून काही आलं की गावाचं नाव प्रिंट करा.

नकाशेवाली_नागपूर

ताई, पुणेरी दादांनी सांगितलं ते बरोबरच आहे पण तुम्ही शेवटी जे लिहिलंय ना की दुसऱ्या कुणालाही चालवता आलं पाहिजे, त्यासाठी मी म्हणेन की पायथनकडे जायच्या आधी ॲटलासमधून जेवढं निघतं तेवढं काढून घ्या. तुमच्या बाबतीत मला वाटतं सगळंच निघेल.

एका गावाची तीन पानं हवीत ना, मग कव्हरेज लेअरमध्येच (ज्याच्या प्रत्येक ओळीचं एक पान निघतं तो लेअर) गाव तीनदा आणा. एक साधा टेबल करा, भूमिती नसलेला, त्यात फक्त तीन ओळी आणि 'दृश्य' नावाच्या कॉलममध्ये तुमच्या तीन थीमची नावं, अगदी थीमला दिलीत तशीच, स्पेससकट. मग व्हर्च्युअल लेअर (क्वेरीतून तयार होणारा लेअर) करा आणि त्याच्या क्वेरीत गावांचा टेबल आणि हा टेबल कॉमा देऊन नुसते शेजारी लिहा, वेअर (जुळवण्याची अट) लावू नका. प्रत्येक गाव प्रत्येक दृश्याशी जुळतं आणि तिप्पट ओळी मिळतात. तोच ॲटलासचा कव्हरेज लेअर. आता लेआउटमध्ये मॅप आयटमच्या 'फॉलो मॅप थीम'शेजारी डेटा डिफाइन्डचं (सेटिंग फील्डमधून किंवा सूत्रातून घेण्याचं) छोटं बटण आहे, तिथे 'दृश्य' हे फील्ड द्या. झालं, पान उलटलं की थीम बदलते. शीर्षकातही गावाचं नाव आणि दृश्य दोन्ही तिथूनच येतील.

व्हर्च्युअल लेअर दर वेळी क्वेरी चालवतो त्यामुळे गावं जास्त असली की पान उलटायला वेळ लागतो, तसं वाटलं तर तो जिओपॅकेजमध्ये (एका फाइलमध्ये मावणारा नकाशा-डेटाचा फॉरमॅट) एक्स्पोर्ट करून तो वापरा. पण मग गावाच्या हद्दीत दुरुस्ती झाली की तो परत काढायचा हे लक्षात ठेवायला लागतं.

कागद उभा-आडवा: लेआउटमध्ये पानावर राइट क्लिक करून पेज प्रॉपर्टीजमध्ये जा, ओरिएंटेशनलाही डेटा डिफाइन्ड बटण आहे. तिथे केस (अटीनुसार उत्तर देणारं सूत्र) लावा, ॲटलासच्या भूमितीची बाउंड्सविड्थ बाउंड्सहाइटपेक्षा मोठी असेल तर लँडस्केप नाहीतर पोर्ट्रेट. पण मग मॅप आयटमची लांबीरुंदी आणि सूचीची जागा पण पानाच्या मापावरून काढायला लागते, लेआउटच्या पानाची रुंदी वजा वीस मिलिमीटर वगैरे, प्रत्येक आयटमच्या पोझिशन अँड साइझमध्ये. हे एकदा बसवायला कंटाळवाणं आहे, खरंच आहे. वैतागलात तर सरळ दोन लेआउट करा, एक उभा एक आडवा, आणि ॲटलासमध्ये फिल्टर लावून आडवी गावं एकाला आणि उभी दुसऱ्याला द्या. मी हेच करते, कारण नंतर येणाऱ्या माणसाला समोर दोन लेआउट दिसतात आणि कुठलंही गणित शोधत बसावं लागत नाही.

सूचीसाठी पण तसंच. तीन सूच्या बनवा, प्रत्येकीतला ऑटो अपडेट बंद करून त्या त्या दृश्याच्या गोष्टी हाताने नीट लावा, मराठी नावं द्या, आणि तिन्ही एकाच जागी ठेवा. मग 'एक्स्क्लूड आयटम फ्रॉम एक्स्पोर्ट्स'ला डेटा डिफाइन्ड द्या की चालू दृश्य माझं नसेल तर मला वगळ. लेआउटच्या खिडकीत तिन्ही एकमेकींवर दिसतील पण पीडीएफमध्ये एकच येईल.

सह्याद्री_रास्टर

वरची दोन्ही उत्तरं उत्तम आहेत, मी स्केलबद्दल लिहितो कारण त्याकडे कुणी बघत नाही आणि गावातले लोक मात्र नकाशावर पट्टी ठेवून मोजतात.

समजा गाव सहा किलोमीटर लांब आहे आणि मॅपची चौकट ३८० मिलिमीटर. झूमटूएक्स्टेंट केलंत की स्केल साधारण १:१५,७८९ येणार. या आकड्याचं कुणी काय करायचं? एक सेंटीमीटर म्हणजे १५७.८९ मीटर, बांधावर उभं राहून हे कोण गुणणार. ॲटलासमध्ये मॅप आयटमला 'कंट्रोल्ड बाय ॲटलास' करून 'प्रीडिफाइन्ड स्केल' निवडा आणि प्रोजेक्ट प्रॉपर्टीजमध्ये तुमचे स्केल भरून ठेवा: ५,०००, १०,०००, १५,०००, २०,०००, २५,०००. मग ज्यात गाव मावतं तो सगळ्यात मोठा स्केल तो उचलतो, या गावाला २०,००० मिळेल कारण पंधरा हजाराला ३८० मिलिमीटरमध्ये ५.७ किलोमीटरच मावतात. एक सेंटीमीटर म्हणजे २०० मीटर, कुणालाही समजतं. स्क्रिप्टनेच करायचं असेल तर झूम झाल्यावर मॅपचा स्केल वाचा आणि यादीतला त्याच्या वरचा पुढचा आकडा सेटस्केलने द्या.

पण हे सगळं प्रोजेक्शन नीट असेल तरच. हद्दी ४३२६ मध्ये म्हणजे अक्षांश-रेखांशात आल्या असतील तर मॅप आयटमचा सीआरएस (निर्देशांक पद्धत) यूटीएम ४३ उत्तर, म्हणजे ईपीएसजी ३२६४३ करा आणि कव्हरेज लेअरही त्यातच सेव्ह करा, म्हणजे उभं-आडवं ठरवणारं गणितही मीटरमध्ये होईल. (नागपूरकर ताईंना माहीतच असेल, ७८ रेखांशाच्या पूर्वेला ४४ झोन लागतो, म्हणजे ३२६४४. राज्यभराचा एकच ॲटलास करणाऱ्यांनी हे आधी ठरवून घ्यावं.)

मागे सॅटेलाइट इमेज लावणार असाल तर आणखी एक. ए३ कागद ३०० डीपीआयला म्हणजे ४९६१ गुणिले ३५०८ पिक्सेल. इंटरनेटवरच्या टाइल्स लावून लूपमध्ये पान मागून पान काढलं की मध्येच काही टाइल्स वेळेत येत नाहीत आणि नकाशात पांढरे चौकोन राहतात, ते सगळ्या पीडीएफ उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. ज्या इमेजची परवानगी आहे ती तुमच्या तालुक्यापुरती एकदाच उतरवून जिओटिफ करून ठेवा, पिरॅमिड (त्याच इमेजच्या कमी रिझोल्यूशनच्या तयार प्रती) बांधा, आणि तीच वापरा. वेगही येतो आणि रेंज नसलेल्या गावातही काम चालतं.

माणगंगाकाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. झूमटूएक्स्टेंटने चौकट लगेच जागेवर आली. पण नागपूरकर ताईंचा तिप्पट ओळींचा मार्ग मला जास्त पटला आणि तोच धरला. थीम पानागणिक बदलतेय, बघूनच इतकं बरं वाटलं!

आता दोन गोष्टी अडल्यात. एक म्हणजे फाइलच्या नावात गावाचं नाव दिलं तर निघालेल्या फाइल्स पानांपेक्षा कमी भरतायत. दुसरं म्हणजे काही गावांत एखादा मराठी शब्द पीडीएफमधून कॉपी केला की भलतीच अक्षरं येतात, दिसायला मात्र बरोबर दिसतो. आणि आमच्याकडच्या दुसऱ्या लिनक्स मशीनवर काढलं तर थेट चौकोनच येतात.

नकाशेवाली_नागपूर

फाइल्स कमी येतायत कारण नुसतं गावाचं नाव दिलं की एका गावाच्या तिन्ही पानांचं फाइलनाव एकच होतं, शिवाय एकाच नावाची दोन गावंही असणार. वडगाव, पिंपरी, वाडी अशी नावं तालुक्यातालुक्यात सापडतात, आणि दोन्हीचं फाइलनाव एक झालं की दुसरी पहिलीवर चढते, विचारत नाही. फाइलनावाच्या एक्स्प्रेशनमध्ये २०११च्या जनगणनेचा सहा अंकी गाव कोड आधी घाला, मग दृश्य, मग वाटलं तर गावाचं नाव. कोड आधी असला की फोल्डरमध्ये एका गावाचे तिन्ही नकाशे शेजारी शेजारी राहतात.

मूळ हद्दी शेपफाइलमध्ये असतील तर त्या जिओपॅकेजमध्ये घ्याच. शेपफाइलच्या डीबीएफमध्ये फील्डच्या नावाला दहा बाइट मिळतात, देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये तीन बाइट खातं, म्हणजे तीन चिन्हांत फील्डचं नाव संपलं, आणि काना-मात्राही त्यातच मोजायची. मजकुराच्या फील्डलाही २५४ बाइटची हद्द आहे, कामाचं वर्णन मराठीत लिहिलंत तर ८४ चिन्हांनंतर कापलं जातं आणि एन्कोडिंगची सीपीजी फाइल हरवली की सगळंच वाचता येत नाही.

पुणेरी_पॉलिगॉन

चौकोन येतायत म्हणजे त्या लिनक्स मशीनवर तुमचा फॉन्ट नाही. लेआउटमध्ये जो फॉन्ट दिलाय तोच तिथे टाका, मुक्त परवान्याचा नोटो सॅन्स देवनागरी किंवा मुक्ता घेतलात तर सगळ्या मशीनवर टाकायला अडचण नाही. लेबल, सूची, शीर्षक तिन्हीकडे तोच ठेवा.

कॉपी केल्यावर अक्षरं बिघडणं हा पीडीएफमधल्या जोडाक्षरांचा जुनाच त्रास आहे. एक्स्पोर्टच्या खिडकीत मजकूर कसा काढायचा ते विचारतं, तिथे 'टेक्स्ट ॲज पाथ्स' ठेवा. मग अक्षरं रेषा म्हणून जातात, कॉपी होणार नाहीत, पण कुठल्याही दुकानात छापलं तरी 'क्ष' चा 'क्ष'च राहील. छापायच्या नकाशाला हेच योग्य.

आणि आता ॲटलास बसलाच आहे तर खिडकी न उघडता काढायचीही सोय आहे. क्यूजीआयएस ३.१४ पासून क्यूजीआयएस_प्रोसेस नावाची कमांड मिळते, तिला प्रोजेक्टची फाइल, लेआउटचं नाव आणि फोल्डर दिलं की ॲटलास पीडीएफमध्ये काढून देते, प्रत्येक पानाची वेगळी पीडीएफ देणारा अल्गोरिदमही प्रोसेसिंगमध्ये आहे. ती एक ओळ बॅच फाइलमध्ये ठेवा, म्हणजे संस्थेतल्या कुणीही डबल क्लिक करावं. पायथन एकही ओळ नको.

आर्कवाला_कोल्हापूर

एस्री कंपनीच्या आर्कजीआयएसवर (जुनं आर्कमॅप, नवं प्रो) असणाऱ्यांसाठी थोडक्यात लिहून ठेवतो, कारण शोधत इथे येणारे तेही असतील. आर्कमॅपमधली डेटा ड्रिव्हन पेजेस म्हणजे प्रोमधली मॅप सिरीज. एस्रीने आर्कमॅपसाठी मार्च २०२६ ही निवृत्तीची तारीख दिली, तेव्हा जुन्या एमएक्सडी (आर्कमॅपच्या नकाशा फाइल्स) आता प्रोमध्ये इंपोर्ट कराच. पण स्क्रिप्ट तशाच चालत नाहीत, आर्कमॅप पायथन २.७ वर होतं आणि मॉड्यूल आर्कपाय.मॅपिंग, प्रोमध्ये पायथन ३ आणि आर्कपाय.एमपी. लेआउटमधल्या प्रत्येक आयटमला नाव द्या आणि स्क्रिप्टमध्ये नावानेच उचला, यादीतला पहिला-दुसरा असा नको. मॅप फ्रेमचा एक्स्टेंट कॅमेऱ्यातून सेट होतो, स्केलही तिथेच. उभ्या-आडव्या पानासाठी तिथेही दोन लेआउट हाच सोपा मार्ग.

सह्याद्री_रास्टर

ताई, नकाशे निघायला लागले याचा आनंदच आहे, पण एक गोष्ट छपाईच्या आधी बघा असं मनापासून सांगतो. तुम्ही पान गावाच्या हद्दीवर झूम करताय आणि बहुतेक शेजारची गावं झाकून टाकली असतील. पिकांच्या नकाशाला ते चालेल. पण उताराच्या आणि कामांच्या नकाशाला नाही चालणार. पाणी गावाची हद्द मानत नाही. माणचं पाणी माणगंगेतून भीमेला जातं, खटावचं येरळेतून कृष्णेला, आणि मधल्या डोंगरावरच्या एका गावाची हद्द धारेच्या (पाणी दोन बाजूंना वाटणारी डोंगराची कड) अलीकडेच संपत असेल तर नकाशात ओढा एकदम कुठूनतरी उगवल्यासारखा दिसतो. माथा ते पायथा म्हणायचं आणि नकाशात माथाच नाही, असं होतं. लोक मग बांध खाली मागतात, वरच्या चरांची गरज त्यांना दिसतच नाही.

यासाठी ॲटलासच्या भूमितीत फेरफार करा. उतार आणि कामं या दोन दृश्यांसाठी कव्हरेजमध्ये गावाची हद्द न घेता, गाव आणि त्याला छेदणारे सगळे सूक्ष्म पाणलोट मिळून होणारा आकार घ्या. व्हर्च्युअल लेअरच्या क्वेरीत एसटी_युनियन आणि एसटी_इंटरसेक्ट्स दोन्ही चालतात, दृश्यानुसार केस लावून भूमिती बदलता येते. इंटरसेक्ट्समध्ये नुसती कड शिवणारे पाणलोटही येतात, त्यामुळे गावाला आतून थोडा, पन्नासेक मीटरचा, उलटा बफर देऊन मग तपासा. स्केल त्यामुळे एक पायरी लहान होईल, होऊ दे.

शेजारची गावं पुसू नका, फिकी करा. इन्व्हर्टेड पॉलिगॉनचा पांढरा अर्धपारदर्शक थर, फक्त चालू गावाच्या बाहेर. मात्र हा थर कव्हरेज लेअरला लावू नका कारण त्याची भूमिती आता मोठी आहे, मूळ गावांच्या लेअरला लावा आणि नियमात गाव कोड ॲटलासच्या चालू फीचरच्या गाव कोडाशी जुळवा. पारदर्शकतेमुळे पीडीएफमध्ये नकाशाचा भाग रास्टर होऊ शकतो, म्हणून डीपीआय ३०० च्या खाली नेऊ नका.

माणगंगाकाठ

हे फारच महत्त्वाचं सांगितलंत. आमच्याकडे धारेवरची गावं आहेत आणि तिथल्या बैठकीत नेमका हाच वाद होतो की वरचं रान आमचं नाहीच, तर चर कशाला दाखवता. सूक्ष्म पाणलोटांचा लेअर आहे माझ्याकडे, आज बसवून बघते. एकच विचारते, वरचा भाग दुसऱ्या गावाचा असला तर तिथली झालेली कामं पण दाखवू का? की नुसता उतार?

सह्याद्री_रास्टर

दाखवा, त्याच चिन्हांनी, फिक्या थराखाली. आणि सूचीच्या खाली एक ओळ टाका: 'फिक्या भागातील कामे शेजारच्या गावांची आहेत.' तिथे त्या गावांची नावंही एक्स्प्रेशनने आणता येतात, ॲग्रिगेट फंक्शनने कव्हरेजच्या आकाराला छेदणाऱ्या गावांची नावं कॉमाने जोडायची आणि चालू गाव वगळायचं. हे बसवलंत की आधी धारेवरचं एखादं गाव, सगळ्यात लांबट गाव आणि सगळ्यात छोटं गाव एवढीच पानं काढून साध्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर छापून बघा. ग्रामपंचायतीत पुढे तीच प्रत फिरते, आणि माती बांध आणि सिमेंट बांध नुसत्या रंगाने वेगळे केले असतील तर झेरॉक्सवर दोन्ही सारखेच दिसतात. चिन्हाचा आकार वेगळा ठेवा, मग बाकीची सगळी गावं एकदम सोडा.